लुगडं रंगवताना: नेसण्यापासून वॉर्निशपर्यंत

नऊवारीतल्या बाईचं चित्र काढायला घेणारे बरेच जण एकाच जागी अडकतात. चेहरा जमतो, हात जमतात, काठावरची नक्षी तासन्‌तास बसून कोरलेली असते, आणि तरीही लुगडं नेसल्यासारखं वाटत नाही, अंगावर चिकटवल्यासारखं वाटतं. कारण जवळजवळ नेहमी तेच असतं. नक्षी आधी डोक्यात आलेली असते आणि कापड मागून. लुगडं कुठे बांधलंय, कुठे खोचलंय, कुठे ताणलंय, कुठे सैल सुटलंय हे कळलं नसेल तर त्यावरचं बारीक काम फुकट जातं.

खालचा क्रम त्यासाठीच लिहिलाय. उदाहरण शेवटपर्यंत एकच आहे: हिरवं इरकली लुगडं नेसून, मांडी घालून, सुपात तांदूळ निवडणारी बाई. माध्यम ॲक्रिलिक, कॅनव्हास 24 बाय 30 इंच. तुम्हाला पैठणी, खणाची चोळी, धोतर, फेटा किंवा दोरीवर वाळत घातलेली गोधडी रंगवायची असेल तरी टप्पे बदलत नाहीत, फक्त तपशील बदलतात.

1. एक वस्त्र, एक काम, एक उजेड ठरवा

‘आपली संस्कृती’ हा चित्राचा विषय होऊ शकत नाही. तो घेतला की नथ, पैठणी, तुळशीवृंदावन, समई, रांगोळी सगळं एकाच कॅनव्हासवर गर्दी करतं आणि चित्र भिंतीवरच्या कॅलेंडरसारखं दिसायला लागतं.

कागदावर एक वाक्य लिहा. आपलं वाक्य असं: ‘दुपारी चारला पश्चिमेच्या दारातून आलेल्या उन्हात, धुऊन धुऊन मऊ झालेलं इरकल नेसलेली बाई तांदूळ निवडतेय.’ या वाक्यात जे नाही ते चित्रात नाही. समई नाही, रांगोळी नाही, मागे वाडाही नाही.

आता वस्त्र आणि काम यांचा मेळ बघा. तांदूळ निवडायला कुणी पैठणी नेसून बसत नाही. रोजच्या लुगड्याला रोजच्या खुणा असतात. गुडघ्यावर आणि बसायच्या जागी रंग उडालेला असतो, हात पुसून पुसून पदराचं टोक मळलेलं असतं, कनवटीला पैसे बांधले असतील तर तिथे फुगवटा दिसतो. दुकानातून घडी मोडून आणल्यासारखं कोरं करकरीत लुगडं रंगवलं तर बाई नाटकात उभी असल्यासारखी वाटते.

तपासणी: तुमचं वाक्य दुसऱ्याला वाचून दाखवा. त्याला उजेड कुठून येतोय हे सांगता आलं नाही, तर वाक्य पुन्हा लिहा.

2. कापड हातात घ्या

हा टप्पा टाळणाऱ्यांची संख्या सगळ्यात मोठी आहे आणि पुढच्या निम्म्या चुका इथूनच निघतात. इंटरनेटवरच्या फोटोंवर काम सुरू करू नका. आजी, मावशी, शेजारच्या काकू, कुणाकडून तरी खरं लुगडं एका दिवसासाठी मागून आणा. रंगवण्याच्या दिवसांत ते समोर खुर्चीवर असलं तर आणखी चांगलं.

आधी जमिनीवर पसरून मोजा. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटरच्या आसपास. काठ किती रुंद, पदर किती लांब, चौकडी असेल तर एक चौकट केवढी, हे वहीत लिहा. इरकलीचे काठ साधारण तीन-चार इंचांचे असतात. चित्रात मोजायला यातून सोपं माप मिळतं: काठ त्या बाईच्या चार बोटांच्या रुंदीएवढा किंवा थोडा जास्त. चित्रातल्या बाईची बोटं आणि चित्रातला काठ शेजारी धरून पाहिलं की प्रमाण चुकलंय का ते लगेच कळतं.

मग पदर जवळून बघा. इरकल हे कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यातल्या इलकलचं विणकाम. पश्चिम महाराष्ट्रात आणि सोलापूरकडे ते इतकं रुळलंय की आपण त्याला आपलंच म्हणतो. त्याचा पदर, म्हणजे टोपपदर, लाल असतो आणि त्यावर पांढऱ्या धाग्यांची नक्षी असते, कंगव्याच्या दातांसारखी. अंगाचा ताणा (लांबीचे उभे धागे) वेगळा आणि पदराचा ताणा वेगळा. दोन्ही धागे एकमेकांत फास घालून जोडलेले असतात. म्हणून अंगाचा हिरवा रंग हळूहळू लालात उतरत नाही, एका रेषेवर संपतो आणि पलीकडे लाल सुरू होतो. ही रेषा बोट फिरवून पाहा. रंगवताना ती पुसट केली की इरकल इरकल राहत नाही.

पैठणी घेतली असेल तर वेगळ्या गोष्टी बघायच्या. ती उलटी करा. नक्षी दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखीच दिसेल, कारण रंगीत धागे एकमेकांत अडकवून ती विणलेली असते. त्यामुळे पदराची दुमडलेली मागची बाजू फिक्या, पुसट रंगात दाखवणं चूक. खण घेतला असेल तर मधली बारीक बुट्टी आणि रेशमी काठ यांच्या पोतातला फरक हाताला लागतो का ते बघा.

आता नेसणं. कुणाला तरी नेसायला सांगा आणि ते पहिल्यापासून शेवटपर्यंत व्हिडिओत घ्या, पुढून एकदा आणि मागून एकदा. नेसण्याच्या पद्धती समाजागणिक आणि गावागणिक बदलतात. कुणाचं लुगडं घोट्यापर्यंत, तर कोळणीचं किंवा शेतात राबणाऱ्या बाईचं पोटरीपर्यंत. तुम्ही जिला रंगवताय तिची पद्धत तिच्याकडूनच शिका. पण चित्रकाराने चार जागा शोधायच्याच: कमरेची गाठ, पुढे खोचलेला निऱ्यांचा ओचा, मागे खोचलेला कासोटा आणि डावा खांदा. कापडाची प्रत्येक मोठी चुणी यांपैकी एका जागेतून निघते आणि दुसरीकडे ओढली जाते, नाहीतर खाली लोंबते. कुठूनही न निघणारी चुणी खोटी असते.

सगळ्यात मोठी चूक इथे होते: नऊवारीतले पाय घागऱ्यासारखे झाकले जातात. कासोट्यामुळे कापड दोन्ही पायांना वेगवेगळं वेढतं. बाई मांडी घालून बसली की प्रत्येक मांडीभोवती कापड गोल फिरताना दिसतं आणि दोन गुडघ्यांमध्ये झोळ न येता ते आत ओढलं जातं. मागून बघितलं तर काठ पोटरीवरून तिरका जातो. सहावारीत बसलेली बाई आणि नऊवारीत बसलेली बाई यांच्या नुसत्या बाह्यरेषेत फरक दिसला पाहिजे.

सावधान: समारंभांसाठी आणि नाचासाठी शिवलेली नऊवारी मिळते, धोतरासारखी चढवायची. तिच्या निऱ्या शिलाईने धरलेल्या असतात, म्हणून त्या ताठ उभ्या राहतात आणि कमरेशी गाठीचा फुगवटा नसतो. अशा वेषाचे फोटो समोर ठेवून ‘घरातली बाई’ रंगवू नका.

या टप्प्यात एक सराव करा. पट्ट्यापट्ट्यांचा पंचा किंवा टॉवेल खुर्चीच्या पाठीवर टाका आणि फक्त पट्टे काढा, पंचाची कडसुद्धा काढू नका. पट्टा चुणीवर चढतो, वळतो, फटीत गायब होतो आणि पलीकडे थोड्या वेगळ्या उंचीवर पुन्हा दिसतो. पंचा पुन्हा पुन्हा झटकून, नव्याने टाकून असे पाच कागद करा. पाचव्या कागदावर नुसत्या पट्ट्यांमधून कापडाचा फुगवटा दिसायला लागला की पुढच्या टप्प्याला जा. त्याआधी जाऊ नका.

3. फोटो आणि रेखाटनं

आधी परवानगी. बाजारात बसलेल्या बाईचा फोटो लांबून चोरून घ्यायचा नाही. ‘मावशी, चित्र काढायचंय, फोटो घेऊ का?’ एवढं विचारायला वेळ लागत नाही. नाही म्हणाल्या तर विषय संपला. हो म्हणाल्या तर नंतर एक छापील फोटो नेऊन द्या. दुसऱ्याच्या फोटोवरून जसंच्या तसं चित्र काढू नका, तो फोटो कुणाच्या तरी मालकीचा असतो.

फोटो काढताना:

- फ्लॅश बंद. एका बाजूच्या दारा-खिडकीचाच उजेड ठेवा आणि खोलीतला दिवा घालवा. दोन उजेड आले की चुण्यांच्या सावल्या एकमेकींना खाऊन टाकतात.
- मोबाइल जवळ नेऊ नका. बसलेल्या माणसाचा फोटो दोन फुटांवरून काढला की गुडघे मोठे आणि डोकं लहान येतं. आठ-दहा फूट मागे जा आणि तिथून दुप्पट झूम करा.
- एका फोटोत लुगड्याशेजारी पांढरा कागद ठेवा. मोबाइल रंग बदलतो. कागद पांढरा दिसतोय की पिवळा, यावरून तुम्हाला ते कळेल.
- काठाचे, पदराच्या जोडरेषेचे, गाठीचे आणि हातांचे फोटो वेगळे घ्या.

सावधान: सेल्फी कॅमेऱ्याचा किंवा ॲपमध्ये उलटवलेला फोटो कधीही वापरू नका. माझ्या एका चित्रात तीन आठवडे काम झाल्यावर आत्या समोर उभी राहिली आणि म्हणाली, “अगं, पदर उजवीकडे? नथही उजवीकडे?” फोटो उलटा होता आणि ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं. आपल्याकडे पदर डाव्या खांद्यावरून जातो आणि नथ डाव्या नाकपुडीत असते. ते चित्र दुरुस्त होण्यापलीकडे गेलं होतं. तेव्हापासून फोटो छापून आणला की मी आधी त्यावर बाईचा डावा खांदा आणि उजवा खांदा पेनने लिहिते.

फोटोंसोबत प्रत्यक्ष बसून निदान तीन रेखाटनं करा, प्रत्येकी दहा मिनिटांची. फोटोत सावली नुसती काळी येते, डोळ्यांना तिच्या आत काय चाललंय ते दिसतं.

सूप, परात, अडकित्ता, पानाचा डबा, घंगाळ अशा जुन्या वस्तू घरी नसतील तर पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात त्यांचा मोठा साठा बघायला मिळतो. फोटोचे आणि रेखाटनाचे नियम आधी विचारून घ्या. लुगड्याचं अंगावर पडणं कमी रेषांत कसं पकडायचं हे बघायचं असेल तर चित्रकार महादेव विश्वनाथ धुरंधर यांची स्त्रियांच्या पेहरावांची चित्रं समोर ठेवून रेषेची नक्कल करा. सरावापुरती.

4. छोटे आराखडे

कॅनव्हासच्या प्रमाणातले, म्हणजे चारास पाच, छोटे चौकोन काढा. चार बाय पाच सेंटिमीटर पुरेत. सहा-सात करा. प्रत्येकात फक्त तीन छटा: उजळ, मधली, गडद. नाक-डोळे नाहीत, नक्षी नाही.

चित्र आजचं होतं की जुन्याची आठवण होऊन राहतं, ते बरंचसं इथे ठरतं. बाईच्या शेजारी प्लास्टिकचा डबा होता का? मोबाइल चार्जिंगला लावला होता का? मग तो काढून टाकू नका. इरकल नेसलेली बाई आज जगतेय, तिच्या घरात मोबाइल आहे. तो लपवून तिथे पितळेचा कंदील ठेवला की चित्र खोटं पडतं. चौकट आवळूनही बघा. डोकं अर्धं कापलेलं, मांडी, सूप आणि दोन हात एवढंच. किंवा वरून पाहिलेलं सूप आणि भोवती पसरलेलं हिरवं कापड. मला स्वतःला ही आवळलेली चौकट आवडते, कारण तिथे चेहऱ्याच्या गोडव्यावर चित्र तगवता येत नाही, कापडालाच बोलावं लागतं.

तपासणी: आराखडा हातभर लांब धरून डोळे किलकिले करा. सगळ्यात उजळ आणि सगळ्यात गडद भाग जिथे शेजारी येतात तिथे नजर जाते. आपल्या चित्रात ती जागा सूप आणि हात यांच्याजवळ हवी. मागच्या भिंतीच्या कोपऱ्यात असेल तर आराखडा बदला.

5. कॅनव्हास तयार करणं

बाजारातला तयार कॅनव्हास घेतला तरी त्यावर जेसोचे (रंगाखालच्या पांढऱ्या अस्तराचे) दोन हात द्या, पहिला आडवा, वाळल्यावर दुसरा उभा. मग 220 नंबरच्या पॉलिश पेपरने हलकं घासा आणि ओल्या फडक्याने पूड पुसा. खरखरीत कॅनव्हासवर काठाची बारीक रेष तुटत जाते, म्हणून हे घासणं सोडू नका.

पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, कॅनव्हास सैल पडतो. मागच्या चौकटीच्या कोपऱ्यांत लाकडी पाचरी असतील तर त्या हलक्या ठोका. पाणी मारून ताणण्यावर विसंबू नका, वाळल्यावर तो पुन्हा ढिला होतो.

शेवटी बर्न्ट सिएनाचा पातळ हात सगळ्या कॅनव्हासवर फिरवा. पांढऱ्या पृष्ठभागावर प्रत्येक रंग गडद वाटतो आणि आपण भीत भीत फिकं रंगवत राहतो. मातकट पार्श्वभूमीवर हिरवा आणि तपकिरी त्वचेचा रंग दोन्ही खरे दिसतात.

सावधान: वाळलेल्या ॲक्रिलिकवर तैलरंग चालतो. तैलरंगावर ॲक्रिलिक कधीच नाही, ते पुढे सुटून येतं.

6. रंग जुळवून ठेवा

एवढ्या ट्यूब पुरतात: टायटॅनियम व्हाइट, यलो ऑकर, कॅडमियम यलो, बर्न्ट सिएना, बर्न्ट अंबर, अल्ट्रामरीन ब्लू, फ्थॅलो ग्रीन, नॅफ्थॉल रेड, क्विनॅक्रिडोन मॅजेंटा. काळी ट्यूब नको.

लुगड्याचा प्रत्येक रंग तीन मिश्रणांत करायचा: उजेडातला, मधला, सावलीतला. इरकलीच्या हिरव्यासाठी फ्थॅलो ग्रीन अगदी थेंबभर घ्या, तो बाकी सगळं गिळतो. त्यात यलो ऑकर घालून मधला हिरवा करा. उजेडासाठी कॅडमियम यलो आणि थोडा पांढरा. सावलीसाठी मधल्या हिरव्यात बर्न्ट सिएना आणि अल्ट्रामरीन. सावली करायला हिरव्यात काळा घातला की कापड मळकं दिसतं, सावलीतलं दिसत नाही.

काठाचा डाळिंबी: मॅजेंटा, बर्न्ट सिएना, किंचित अल्ट्रामरीन. टोपपदराचा लाल: नॅफ्थॉल रेडमध्ये थोडा मॅजेंटा. चंद्रकळा रंगवायची झाली तर अल्ट्रामरीन आणि बर्न्ट अंबर समसमान. त्या काळ्यात उजेडाकडे निळा आणि सावलीकडे तपकिरी झुकवता येतो, ट्यूबमधल्या काळ्यात ती सोय नाही. राणी रंगासाठी क्विनॅक्रिडोन मॅजेंटा वापरा. चमकणारे फ्लुओरोसंट गुलाबी दुकानात मोहात पाडतात, पण उजेडात लवकर उडतात. ट्यूबवर टिकाऊपणाचा दर्जा छापलेला असतो, तो 1 किंवा 2 असलेलेच घ्या.

पैठणीची धूप-छाँव वेगळीच गोष्ट आहे. ताणा एका रंगाचा आणि बाणा (आडवे धागे) दुसऱ्या, म्हणून चुणी वळली की रंग बदलतो. हे दोन रंग पॅलेटवर एकत्र कालवू नका. दोन वेगळी मिश्रणं करा आणि चुणीच्या दोन अंगांवर शेजारी शेजारी ठेवा.

तपासणी: प्रत्येक मिश्रणाचा फटकारा जाड कागदावर ओढा, पूर्ण वाळू द्या आणि मग कापडावर ठेवून बघा. ॲक्रिलिक वाळल्यावर थोडं गडद होतं, ओला रंग जुळला म्हणजे जुळला असं नाही. ज्या पट्ट्या जुळल्या त्यांच्यावर मिश्रण लिहा. चौथ्या दिवशी तोच हिरवा पुन्हा करायचा असतो.

7. आकृती आधी, लुगडं नंतर

कॅनव्हासवर आधी बाईचं शरीर काढा, जणू कापड नाहीच. पाठीचा कणा, कमरेचा आडवा कल, दोन मांड्यांचे दंडगोल, गुडघ्यांच्या जागा. रंगीत पेन्सिलीच्या हलक्या रेषेत. मग त्या चार जागांवर खुणा करा: गाठ, ओचा, कासोटा, खांदा. बसलेल्या बाईचा कासोटा पुढून दिसणार नाही, तरी तो कुठे आहे त्याची खूण करा, कारण मांडीवरच्या चुण्या तिकडेच ओढल्या जातात.

त्यानंतर मोठ्या चुण्या, प्रत्येकी एका जागेतून निघालेल्या. आठ-दहा पुरेत. फोटोत साठ दिसतील. मऊ सुती इरकलीत बारीक चुण्या खूप असतात आणि त्या सगळ्या उतरवल्या तर मांडीचा गोल मोडतो. ज्या चुणीने अंगाचा आकार कळत नाही ती सोडून द्या.

शेवटी काठाच्या दोन समांतर रेषा, नुसती पट्टी म्हणून. सूप काढताना लक्षात ठेवा की त्याला तीन बाजूंनी कड असते आणि पुढून ते उघडं असतं. ते तिच्या मांडीवर टेकलंय, म्हणून खालचं कापड दबलेलं दिसायला हवं.

तपासणी: चित्र आरशात बघा. एका बाजूला कललेली आकृती आरशात ताबडतोब सापडते. (आरसा फक्त तपासायला. डावं-उजवं फोटोवर लिहिलेल्या खुणांप्रमाणेच.)

8. एका रंगात छाया-प्रकाश

बर्न्ट अंबर आणि पांढरा घेऊन सगळं चित्र तीन छटांत भरा. एक इंची चपटा ब्रश पुरतो. मोठा ब्रश मुद्दाम, लहान ब्रश हातात आला की नक्षी सुचायला लागते.

चेहरा, हात, लुगडं, भिंत सगळं एकदम पुढे न्यायचं. चेहरा पूर्ण करून मग खाली उतरायची सवय असेल तर ती इथे मोडा. चित्रकार सावळाराम हळदणकरांचं हातात दिवा धरलेल्या स्त्रीचं जलरंगातलं चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. त्याचा छापील फोटो तरी बघा, बोटांपासून लुगड्यापर्यंत सगळं एकाच ज्योतीच्या उजेडात बांधलेलं आहे.

तपासणी: चित्राचा मोबाइलवर फोटो काढून काळा-पांढरा करा आणि मूळ फोटोही तसाच करून शेजारी ठेवा. इथे एक गोष्ट नेहमी चकवते. इरकलीचा हिरवा आणि काठाचा डाळिंबी रंगाने इतके वेगळे, पण काळ्या-पांढऱ्यात बरेचदा जवळजवळ सारखे गडद निघतात. डोळ्यांना काठ उठून दिसतो म्हणून आपण तो उजळ रंगवतो आणि तो कापडातून सुटून वर तरंगतो.

9. रंगाचे थर

मधल्या छटेपासून सुरुवात करा, मग सावली, उजेड सगळ्यात शेवटी. सुती कापडावर उजेड पसरट आणि मंद असतो. रेशमावर तो अरुंद, तीव्र असतो आणि चुणीच्या कण्यावर एकदम तुटतो. सुती लुगड्यावर पांढऱ्याचे चमकदार फटकारे मारले की ते सॅटिन दिसतं.

उन्हाळ्यात, मराठवाडा-विदर्भाकडे तर नक्कीच, ॲक्रिलिक ब्रशवरच वाळतं. ताटलीत ओला स्पंज, त्यावर बटर पेपर आणि त्यावर रंग, असं पॅलेट करा. रंग पातळ करायला पाणीच ओतत राहू नका, थर कच्चा राहतो. मीडियम (रंगात मिसळायचा ॲक्रिलिकचा पारदर्शक द्रव) वापरा.

त्वचेला लुगड्याचा रंग लागू द्या. हनुवटीखाली आणि कोपराच्या खालच्या अंगाला हिरव्याची झाक असतेच. ती घातली की बाई त्या कापडाच्या आत बसते. सावळ्या त्वचेची सावली बर्न्ट सिएना आणि अल्ट्रामरीनने करा.

10. काठ, पदर, नक्षी

इथपर्यंत पोचेपर्यंत नक्षीचा एक ठिपकाही काढलेला नसावा.

आधी काठाची पट्टी तिच्या तिन्ही छटांत भरा. मग एक कागदाची पट्टी घ्या, तिच्यावर काठाची खरी नक्षी खऱ्या मापात काढा आणि निऱ्या घालतो तशी ती दुमडा. समोरून बघा. दुमडीच्या कडेला नक्षी दाटते, अरुंद होते, मग आत शिरते. पुढच्या दुमडीवर ती जिथून तुटली तिथून सुरू होत नाही, मधला तुकडा घडीत लपलेला असतो. बहुतेक चित्रांत नक्षी एका निरीवरून दुसरीवर सलग धावते आणि त्यामुळेच ती छापलेली दिसते. ही पट्टी चित्र संपेपर्यंत टेबलावर राहू द्या.

रंगवताना साधा नियम: उजेडात नक्षी, सावलीत नुसती पट्टी. नजर जिथे यायला हवी त्या, म्हणजे सुपाजवळच्या मांडीवरच्या काठाला पूर्ण तपशील द्या. खांद्याजवळ अर्धा, मागे जमिनीवर टेकलेल्या भागाला फक्त रंग.

टोपपदराचं पांढरं शुद्ध पांढरं नको. उजेडात त्यात किंचित ऑकर, सावलीत निळसर राखाडी. खांद्यावरून वळताना हे पांढरे दात वळणाची दिशा दाखवतात, म्हणून त्यांच्यातलं अंतर मोजून घ्या. पुढे दात सुटे, खांद्याच्या माथ्यावर दाट, मागे जाताना नाहीसे.

चौकडीचं लुगडं असेल तर आधी फक्त उभ्या रेषा, त्या वाळल्यावर आडव्या. दोन्ही एकदम काढल्या की चौकट सपाट जाळी होते.

11. जर, पितळ, तांदूळ

जरीसाठी सोनेरी ट्यूब वापरू नका. ती खोलीतल्या दिव्याने चमकते, चित्रातल्या उन्हाने नाही. बाजूने पाहिलं की मेल्यासारखी दिसते आणि फोटोत काळपट येते. जर ही बर्न्ट अंबर, यलो ऑकर आणि अगदी थोड्या जागी कॅडमियम यलो-पांढऱ्याची असते. उजेडात ती कापडाहून उजळ आणि सावलीत कापडाहून काळी. हा उलटा फरक दाखवला की चमक आपोआप येते.

पितळी परात शेजारी असेल तर तिच्यात हिरवं कापड दिसायला हवं. तांदळाचा आधी एकच ढीग रंगवा, उजेडाची बाजू आणि सावलीची. मग बोटांजवळ वीस-पंचवीस दाणे सुटे. हिरव्या बांगड्यांत मागचा अर्धा भाग हाताच्या पलीकडे जातो हे विसरू नका, आणि सगळ्या बांगड्या समांतर काढू नका, त्या एकमेकींवर घसरतात.

12. थांबणं, दाखवणं, वॉर्निश

चित्र दोन दिवस भिंतीकडे तोंड करून ठेवा. मग ज्या घरातून लुगडं आणलं त्या घरातल्या नेसणाऱ्या बाईला दाखवा. ‘छान आहे का?’ असं विचारू नका. ‘हे कसं नेसलंय ते सांगा’ असं विचारा. तिने गाठ, कासोटा, पदर बोटाने दाखवत सांगितलं तर काम झालं. जिथे तिचं बोट अडखळेल तिथेच दुरुस्ती आहे.

ॲक्रिलिकला दोन-तीन आठवडे वाळू द्या, मग आधी ग्लॉस मीडियमचा पातळ हात आणि तो वाळल्यावर वॉर्निशचे दोन पातळ हात. तैलरंग असेल तर थर किती जाड आहे ते बघून सहा महिने ते वर्ष थांबा. भर पावसाळी दमट हवेत वॉर्निश लावू नका, ते दुधाळ होऊ शकतं.

मागच्या लाकडी चौकटीवर लिहून ठेवा: कोणतं वस्त्र, कुणाच्या नेसण्याच्या पद्धतीचं, कोणत्या ट्यूब वापरल्या, वॉर्निश कोणतं, तारीख. आणि लुगडं परत करताना त्याला रंगाचा डाग लागलेला नाही ना, ते उजेडात उलगडून बघा.